टूलची धार आणि जॉबची फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरकडच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या शॉपमध्ये लेथवर उभी असणारी पोरं, आयटीआयला टर्नर-मशिनिस्ट ट्रेड शिकणारे विद्यार्थी आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवणारे काही जुने मित्र मला मोबाइलवर प्रश्न पाठवत असतात. सोबत बहुतेक वेळा एक फोटो असतो, रेषा पडलेल्या शाफ्टचा. मी उलट एकच मागतो: टूलच्या नाकाचा, म्हणजे कापणाऱ्या टोकाचा, फोटो पाठव. जॉबची (मशीनवर घडवायच्या नगाची) फिनिश, म्हणजे पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा, बिघडली की आपला हात आधी फीडच्या लिव्हरकडे किंवा स्पीडच्या नॉबकडे जातो, धारेकडे सगळ्यात शेवटी. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, टूलच्या धारेचा आणि जॉबच्या फिनिशचा नेमका संबंध काय?

टर्निंगमध्ये जॉब एक फेरा फिरतो तेवढ्यात टूल ठरलेल्या अंतराने पुढे सरकतं, तोच फीड. टूलच्या नाकाचा जो आकार, तोच आकार धातूत उमटतो. पुढच्या फेऱ्यात शेजारी दुसरी खाच पडते आणि दोन खाचांमध्ये एक बारीक वरंबा उरतो. नांगरलेल्या शेतासारखंच हे, फक्त मायक्रॉनच्या मापात. नाक टोकदार असेल तर वरंबे उंच राहतात, गोल असेल तर बुटके.

हा झाला डोळ्यांना दिसणारा आकार. त्याखाली आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे धारेची बारीक गोलाई, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही (प्रश्न ७ आणि ८). दुसरी म्हणजे धारेची त्या क्षणाची अवस्था: झिजली आहे, तुटली आहे, की तिला धातू चिकटला आहे (प्रश्न १० आणि १४). ड्रॉइंगवरची फिनिश मिळाली नाही तर दोष या तिन्हींपैकी कुठे आहे ते आधी शोधायचं. मशीनचा थरथराट, ढिला टेलस्टॉक, खराब बेअरिंग ही कारणंही असतातच, पण ती धार पाहून झाल्यावर.

२. आरए, आरझेड आणि ड्रॉइंगवरचे त्रिकोण यांत फरक काय?

आरए म्हणजे मधल्या रेषेपासून पृष्ठभाग वर-खाली किती जातो त्याची सरासरी. आरझेड म्हणजे मोजलेल्या प्रत्येक तुकड्यातली सगळ्यात उंच टेकडी ते सगळ्यात खोल दरी एवढी उंची, आणि अशा पाच तुकड्यांची सरासरी. आरए एखादी खोल चर लपवू शकतो, आरझेड ती दाखवतो. म्हणून ग्राहकाने आरझेड लिहिला असेल तर आरए मोजून समाधान मानू नका. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा नेमका गुणक नाही. नाकाच्या आकारावर तो बदलतो.

जुन्या ड्रॉइंगवर त्रिकोण दिसतात. ढोबळमानाने एक त्रिकोण म्हणजे आरए ८ ते २५ मायक्रॉन, दोन म्हणजे १.६ ते ८ आणि तीन म्हणजे १.६ च्या आत. एन-नंबर (फिनिशचा दर्जा सांगणारा आकडा) असेल तर एन ६ म्हणजे ०.८, एन ७ म्हणजे १.६, एन ८ म्हणजे ३.२. मोजताना कट-ऑफ, म्हणजे मोजणीच्या एका तुकड्याची लांबी, बघा. आरए ०.१ ते २ मायक्रॉनच्या पृष्ठभागाला साधारणपणे ०.८ मिलिमीटर कट-ऑफ आणि ४ मिलिमीटर लांबी घेतात. मोजणाऱ्या यंत्राची सुई टूलच्या रेषांना आडवी, म्हणजे शाफ्टच्या अक्षाच्या दिशेने चालली पाहिजे. रेषांच्या बाजूने सुई चालवली तर कोणताही जॉब पास होईल, पण ते मोजणं नव्हे.

३. नोज रेडियस मोठा घेतला की फिनिश चांगली येते म्हणतात. हिशेब कसा करायचा?

हिशेब सोपा आहे. फीडचा वर्ग करा आणि त्याला नोज रेडियसच्या, म्हणजे नाकाच्या गोलाईच्या त्रिज्येच्या, आठपटीने भागा. आली ती वरंब्याची उंची. आरए त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका असतो.

फीड ०.२ मिलिमीटर आणि नोज ०.८ घेऊ. ०.२ चा वर्ग ०.०४, भागिले ६.४, म्हणजे ६.२५ मायक्रॉन उंची आणि आरए सुमारे १.६. त्याच फीडला नोज ०.४ असेल तर उंची १२.५ आणि आरए ३.१. आता नोज ०.८ तसाच ठेवून फीड ०.१ करा: उंची १.५६, आरए ०.४ च्या आसपास.

यातली खरी गंमत बघा. नोज दुप्पट केला तर खरबरीतपणा निम्मा होतो, पण फीड निम्मा केला तर तो चौथाई होतो. फीड वर्गात येतो, रेडियस साधा येतो.

हा आकडा म्हणजे सगळं काही बरोबर असताना मिळणारी सर्वोत्तम फिनिश. प्रत्यक्षात थोडी वाईटच येते. हिशेबाने १.६ येत असेल आणि हातात १.९ पडलं तर चिंता नाही. ४ पडलं तर मात्र फीडशी खेळू नका, दोष दुसरीकडे आहे. मी हा हिशेब मशीनवर चिकटवून ठेवायला सांगतो तो यासाठीच. हातातला आकडा आणि कागदावरचा आकडा यांच्यातलं अंतर तुम्हाला धारेकडे बघायला लावतं.

नाक गोल असावं हे ज्ञान तसं जुनं आहे. फ्रेडरिक टेलरने २६ वर्षं धातू कापण्याचे प्रयोग करून १९०६ साली निष्कर्ष मांडले, तेव्हाही त्याच्या शॉपचं नेहमीचं टूल गोल नाकाचंच होतं.

४. मग सगळीकडे १.२ नोजचाच इन्सर्ट का लावू नये?

इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवायची, बदलता येणारी कापणारी टिकली. सगळीकडे १.२ नको, कारण मोठं नाक जॉबला बाजूला ढकलतं. कट नाकापेक्षा कमी खोल असेल तर धातू कापणारा सगळा भाग गोलाईवरच असतो आणि जोर शाफ्टच्या अक्षाला आडवा पडतो. १२ मिलिमीटर जाडीचा, २०० लांबीचा शाफ्ट १.२ नोजने फिनिश करून बघा. मधोमध पोट येईल आणि माशाच्या खवल्यांसारखे चॅटरचे, म्हणजे थरथराटाचे, ठसे पडतील. तिथे ०.४ नोज आणि थोडा कमी फीड हेच बरं. बारीक बोअरिंग बारलाही (भोक आतून कापणाऱ्या टूलच्या दांड्यालाही) हेच लागू.

एक अंगठा-नियम वापरतात: फिनिशिंगचा कट नोज रेडियसच्या निदान दोन-तृतीयांश ठेवा. ०.८ नोज असेल तर अर्धा मिलिमीटर बाजूने कट शिल्लक ठेवा. पोरं रफिंगमध्ये (आधीच्या जाड कटात) सगळं उडवतात आणि फिनिशिंगला ०.०५ ठेवतात, तिथेच खेळ बिघडतो (प्रश्न ७).

आणि ड्रॉइंगवर खांद्याच्या कोपऱ्यात ०.४ ची गोलाई दिली असेल तर ०.८ नोज तिथे बसणारच नाही, मग फिनिश कितीही चांगली येवो.

५. इन्सर्टच्या नंबरवरून हे सगळं कळतं का?

बरंचसं. सीएनएमजी १२०४०८ घेऊ. सी म्हणजे ८० अंशांचा समभुज चौकोन, एन म्हणजे इन्सर्टला स्वतःचा क्लिअरन्स (धारेखालचा भाग जॉबला घासू नये म्हणून सोडलेला कोन) शून्य, १२ म्हणजे कडेची लांबी सुमारे १२.९ मिलिमीटर, ०४ म्हणजे जाडी ४.७६ आणि शेवटचे ०८ म्हणजे नोज रेडियस ०.८. शेवटी ०४ असेल तर ०.४, १२ असेल तर १.२. डी म्हणजे ५५ अंश, व्ही म्हणजे ३५ अंश. सीसीएमटीमधला दुसरा सी ७ अंशांचा क्लिअरन्स सांगतो.

नंबरच्या शेवटी चिपब्रेकरची (चिप, म्हणजे सुटणारी धातूची साल, मोडणाऱ्या खाचेची) अक्षरं असतात, ती मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. डबीवर फीड आणि कटची मर्यादा छापलेली असते. डबी फेकू नका.

६. वायपर इन्सर्ट खरंच दुप्पट फीडला तीच फिनिश देतो का?

हो, साधारण तसंच. वायपरच्या नाकाशेजारी मोठ्या रेडियसचा, जवळपास सपाट असा एक छोटा पट्टा असतो. नाकाने सोडलेले वरंबे तो मागून पुसत जातो. म्हणून फीड दुप्पट करून तीच फिनिश, किंवा तोच फीड ठेवून निम्मा खरबरीतपणा, असं ढोबळमानाने धरतात.

पण हा फायदा सरळ टर्निंग आणि फेसिंगला. टेपर किंवा गोलाई असेल तिथे पट्ट्याचा कोन जुळत नाही आणि तो साध्या इन्सर्टसारखाच वागतो. पट्टा जॉबला जास्त लांबीवर टेकतो, म्हणून बारीक शाफ्टवर चॅटरही लवकर येतो. मजबूत मशीन आणि जाड जॉब असेल तर वायपरइतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

७. भाऊ, फीड एकदम कमी केला तरी फिनिश बिघडते. असं काऊन होते?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रश्न ३ चा हिशेब म्हणतो की फीड कमी करत गेलं की फिनिश सुधारत जाईल. हा हिशेब धारेला शून्य जाडीची रेषा समजतो. खरी धार तशी नसते. भिंगाखाली बघितली तर ती बोटाच्या पेरासारखी गोल दिसते. कोटिंग केलेल्या साध्या कार्बाइड इन्सर्टवर या गोलाईची त्रिज्या २० ते ५० मायक्रॉन असते.

आता चिपची जाडी या गोलाईच्या मानाने फारच कमी झाली तर काय होईल? धारेला धातू सोलता येत नाही. ती त्याच्यावरून घसरते, त्याला दाबते, बाजूला लोटते. लोण्यावर सुरीची पाठ फिरवल्यासारखं. चिप तयार व्हायला धातूनुसार धारेच्या त्रिज्येच्या साधारण २० ते ४० टक्के जाडी लागते.

एक उदाहरण मांडू. नोज ०.८, कट ०.०५, फीड ०.०३. ‘मस्त बारीक फिनिशिंग’ म्हणून पोरं हेच लावतात. गोल नाकावर चिपची जाडी सगळीकडे सारखी नसते. वरच्या बाजूला जास्त, टोकाकडे जवळपास शून्य. हिशेब केला तर जिथे ती सगळ्यात जाड तिथेही जेमतेम १० मायक्रॉन भरते. धारेची गोलाई ३० मायक्रॉनची असेल तर कापायला निदान ८-१० मायक्रॉन हवेत. म्हणजे वरच्या कडेला थोडंसं कापलं जातं आणि उरलेल्या सगळ्या नाकावर नुसतं घासणं. जॉब गरम होतो, वर चमक येते पण मध्येच धूसर ढगाळ पट्टे दिसतात, माप कधी दोन शतांश मोठं तर कधी बरोबर. सापडत नाही तो दोष हाच.

उपाय दोन. कट आणि फीड वाढवा: त्याच इन्सर्टला ०.५ कट आणि ०.०८ फीड द्या, बहुतेक वेळा फिनिश तिथल्या तिथे सुधारते. किंवा खरोखरच कमी धातू काढायचा असेल तर धारदार, ग्राउंड (घासून धार दिलेला) इन्सर्ट लावा (प्रश्न ८).

८. नवीन इन्सर्टची धार हाताला बोथट लागते. माल खराब आहे का?

नाही, ती मुद्दाम तशी केलेली असते. कार्बाइड कडक पण ठिसूळ. वस्तऱ्यासारखी धार ठेवली तर स्टीलच्या पहिल्याच धक्क्याला ती बारीक-बारीक तुटते, आणि तुटलेल्या धारेचा प्रत्येक खाचा जॉबवर रेषा म्हणून उमटतो. शिवाय कोटिंग एकदम तीक्ष्ण कडेवर टिकत नाही. म्हणून कारखान्यात धार गोल केली जाते, त्याला होनिंग म्हणतात.

आयएसओच्या नंबरात यासाठी अक्षरं आहेत: एफ म्हणजे तीक्ष्ण, ई म्हणजे होन केलेली, टी म्हणजे चॅम्फर (कडेला तिरका सपाट पट्टा) दिलेली, एस म्हणजे चॅम्फर देऊन वर होन केलेली. ॲल्युमिनियमला एफ, साध्या स्टीलला ई, कडक केलेल्या स्टीलला आणि तुटक कटला टी किंवा एस, असा साधारण क्रम लावा. सीसीजीटी जातीचे पॉलिश केलेले इन्सर्ट ॲल्युमिनियमसाठी विकले जातात, पण बारीक स्टील शाफ्टच्या हलक्या शेवटच्या कटलाही मी ते वापरतो. आयुष्य कमी मिळतं. फिनिश मिळते.

धार नखावर तपासायची जुनी सवय एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटसाठी ठीक आहे. कार्बाइडवर तिने काही कळत नाही, आणि नवीन धारेला उगाच हात लागतो.

९. रेक अँगलचा फिनिशवर काय परिणाम?

रेक म्हणजे टूलच्या वरच्या, चिप घसरते त्या तोंडाचा कल. पॉझिटिव्ह रेक म्हणजे धातू वरून सहज घसरून जातो, जोर कमी लागतो, उष्णता कमी, चिकटणं कमी. मऊ आणि चिवट धातूंना, म्हणजे ॲल्युमिनियम, तांबं, माइल्ड स्टील यांना तो मानवतो. निगेटिव्ह रेकची धार मजबूत, पण धातू जास्त दाबला जातो.

पितळ अपवाद. पितळाला मोठा पॉझिटिव्ह रेक दिला तर टूल आत ओढलं जातं आणि जॉबवर झटक्याचा खड्डा पडतो. तिथे शून्य रेक. पितळात ड्रिलने भोक पाडतानाही जुने कारागीर ड्रिलच्या धारेवर दगडाने हलकासा सपाट पट्टा मारून घेतात, तो याच कारणाने.

१०. माइल्ड स्टीलची फिनिश फाटल्यासारखी येते. पॉलिश पेपर मारूनही खड्डे जात नाहीत.

हे बिल्ट-अप एजचं काम. कमी वेगाने मऊ स्टील कापताना दाब आणि उष्णतेने धातूचा एक कण धारेवर वेल्ड होतो, त्यावर दुसरा, तिसरा. बघता बघता नाकावर राळ्याच्या दाण्याएवढा खडबडीत ढेकूळ बसतो आणि पुढचं कापणं तोच करतो. म्हणजे तुम्ही बसवलेली धार आता कापतच नाही. ढेकूळ वाढतो, तुटतो. त्याचे तुकडे काही चिपबरोबर जातात, काही जॉबवर चिकटतात. पेपर मारला की वरचे तुकडे निघतात, खालचे फाटलेले खड्डे राहतात.

पहिला उपाय वेग. २० मिलिमीटरचा शाफ्ट ५०० आरपीएमला फिरवला तर कटिंग स्पीड मिनिटाला ३१ मीटर होतो. कार्बाइडला माइल्ड स्टीलवर १५० च्या पुढे हवा असतो. सीएनसीवर वेग वाढवला की ढेकूळ आपोआप नाहीसा होतो, कारण तापमान वाढलं की तो टिकत नाही. पण आपल्याकडच्या जुन्या ऑल-गिअर लेथवर १००० ते १२०० च्या वर आरपीएम मिळत नाही. तिथे कार्बाइडचा हट्ट सोडा. चांगला घासलेला एचएसएस बिट, मोठा पॉझिटिव्ह रेक, मिनिटाला २५ ते ३० मीटर आणि भरपूर कटिंग ऑइल: या जोडीची फिनिश कमी वेगावर कार्बाइडला मागे टाकते. बिट कसा घासायचा ते प्रश्न १२ मध्ये.

११. टूल सेंटरच्या थोडं वर-खाली असलं तर काय बिघडतं?

बाहेरून टर्निंग करताना टूल सेंटरच्या वर गेलं की रेक वाढतो आणि क्लिअरन्स कमी होतो. खाली गेलं की उलट. किती, ते जॉबच्या व्यासावर ठरतं. २० मिलिमीटर व्यासावर टूल अर्धा मिलिमीटर वर असेल तर सुमारे ३ अंशांचा फरक पडतो. ७ अंश क्लिअरन्समधून ४ उरतात, काम चालतं. तेच टूल ६ मिलिमीटर व्यासावर आलं की फरक साडेनऊ अंशांचा होतो. क्लिअरन्स संपला. आता धार कापत नाही, तिच्याखालचा फ्लँक जॉबवर घासतो. त्यामुळे एकाच शाफ्टवर जाड पायरीची फिनिश चांगली आणि बारीक पायरीची चकाकती-खराब दिसली तर आधी टूलखालचं पॅकिंग तपासा. फेसिंगमध्ये मधोमध बोंड उरत असेल तर तेही हेच सांगतं.

बोअरिंगमध्ये दिशा उलटते: टूल वर असेल तर क्लिअरन्स वाढतो. बारीक बोअरिंग बार कापताना खाली वाकतो, म्हणून तो किंचित वर बांधतात.

१२. एचएसएस बिट ग्राइंड केल्यावर ऑइल स्टोन मारणं गरजेचं आहे का? की उगाच जुन्या लोकांची सवय?

गरजेचं आहे. बेंच ग्राइंडरच्या दगडाचे ओरखडे बिटच्या दोन्ही तोंडांवर असतात, आणि ते कडेला येऊन भेटतात तिथे धार करवतीसारखी होते. ते दाते जॉबवर जसेच्या तसे उतरतात. शिवाय कडेवर पातळ बर (धातूची कोर) उरते, ती पहिल्याच कटात मोडून पडते आणि धार तिच्यासोबत तुटते.

माझ्या उस्तादांनी मला पहिला महिना मशीनला हात लावू दिला नव्हता, फक्त बिट घासायला बसवलं होतं. रेकच्या तोंडावर दगड सपाट ठेवायचा, धारेकडून आत ओढायचा, मग फ्लँकवर, आणि शेवटी नाकाची गोलाई चार-पाच हलक्या झोक्यांत. ते बिट दाराकडे धरून कडेवर प्रकाश चमकतो का बघत. तीक्ष्ण कडेवर प्रकाश थांबत नाही. जिथे पांढरी ठिणगी दिसली तिथे कड बोथट, की पुन्हा दगड. ही परीक्षा मी आजही करतो.

१३. स्टेनलेस आणि मँगनीज स्टीलवर दुसऱ्या कटाला टूल घसरतं. धार नवीन असूनही.

दोष पहिल्या कटाचा आहे. हे धातू दाबले गेले की कडक होतात. पहिल्या वेळी बोथट धारेने घासलं की वर कडक साल तयार होते, आणि दुसऱ्या वेळी हलका कट घेतला तर नवीन धार नेमकी त्या सालीतच चालते.

संत्र्याचा रस काढणाऱ्या मशीनचे एसएस ३०४ पार्ट आपल्याकडे बरेच येतात. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागाला आरए ०.८ च्या आत मागतात, म्हणजे खाचांत रस अडकून कुजत नाही. तिथे पॉझिटिव्ह, तीक्ष्ण इन्सर्ट घ्या, फीड ०.१ च्या खाली फार जाऊ देऊ नका, आणि कट सालीच्या खाली जाईल इतका ठेवा. टूल जॉबला टेकवून थांबवू नका, तेवढ्यानेही तिथली पट्टी कडक होते.

मानसर-कांद्रीच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, पण मँगनीज स्टीलचं काम येतं ते बहुधा क्रशरच्या जॉ प्लेटचं. सुमारे १२ टक्के मँगनीजचं हे स्टील मार खाऊन कडक होतं, म्हणून तर ते तिथे वापरतात. त्याला मजबूत चॅम्फर केलेली धार, जाड कट आणि कमी वेग हवा. आरशासारख्या फिनिशची अपेक्षा त्याच्याकडून धरू नये.

१४. इन्सर्ट नक्की केव्हा बदलायचा? कधीकधी थोडा झिजल्यावरच फिनिश चांगली येते.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अगदी थोडी झीज झाली की नाकाचं टोक किंचित सपाट होतं आणि वायपरसारखं वागतं (प्रश्न ६). हे सुख थोडा वेळच टिकतं. पुढे नाकाच्या मागच्या कडेवर, फीडच्या अंतराने, छोट्या खाचा पडू लागतात. टूलच्या वरंब्यांनीच टूलमध्ये चर पाडलेली असते, आणि मग ती चर जॉबवर उलटी छापली जाते.

बदलायची वेळ ठरवताना आवाजाची वाट पाहू नका. दर जॉबचा आरए लिहून ठेवा. तो सलग तीन जॉब वाढत गेला तर कोपरा बदला.

१५. मे महिन्यात फिनिश जास्त बिघडते असं वाटतं. उन्हाळ्याचा धारेवर परिणाम होतो का?

धारेवर थेट जवळजवळ नाही. धारेच्या टोकावर शेकडो अंश तापमान असतं, शेडमधले ४५ अंश तिथे नगण्य. बिघडतं ते कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं तेल-पाण्याचं द्रावण. पाणी उडून जातं, तेल मागे राहतं, द्रावण घट्ट होत जातं. मग पोरं अंदाजाने नुसतं पाणी ओततात आणि ते एकदम पातळ होतं. पातळ कूलंटने बिल्ट-अप एज वाढते (प्रश्न १०). रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणाची घट्टता मोजणारं यंत्र) घ्या, रोज सकाळी बघा, आणि भर घालताना कमी टक्क्यांचं द्रावण घाला.

दुसरं, तुटक कटात, उदाहरणार्थ की-वे (चावीची लांब खाच) असलेल्या शाफ्टवर, कूलंट मध्येमध्ये पडलं तर गरम धार आकसते-फुगते आणि तिला फणीसारख्या चिरा जातात. तिथे एकतर कूलंटचा सतत भरपूर झोत, नाहीतर पूर्ण कोरडं.

मापाचा गोंधळ मात्र उन्हाळ्याचाच. मापं २० अंशांना धरतात. ४२ अंशांच्या शेडमध्ये ५० मिलिमीटरचा स्टील शाफ्ट १२-१३ मायक्रॉन मोठा असतो, ॲल्युमिनियमचा सुमारे २५.

१६. मिलिंगलाही हेच नियम लागतात का?

तत्त्व तेच. बॉल नोज (गोल टोकाच्या) कटरने डाय फिनिश करताना दोन पासमधला वरंबा प्रश्न ३ च्याच सूत्राने येतो, फीडच्या जागी स्टेपओव्हर (दोन पासमधलं अंतर) आणि नोजच्या जागी कटरची त्रिज्या. १० मिलिमीटरचा बॉल नोज आणि ०.५ स्टेपओव्हर: ६ मायक्रॉन. ०.३ केला तर सव्वादोन. फक्त बॉलच्या अगदी टोकाला वेग शून्य असतो, तिथे तो कापत नाही, चुरतो. शक्य असेल तर कटर किंवा जॉब १०-१५ अंश कलता करा.

फेस मिलिंगमध्ये इन्सर्टचा सपाट पट्टा एका फेऱ्यातल्या फीडपेक्षा लांब हवा. पाच दातांचा कटर आणि दातामागे ०.२ म्हणजे फेऱ्यामागे १ मिलिमीटर. पाचांतला एक इन्सर्ट २० मायक्रॉन बाहेर आला तर सगळी फिनिश तो एकटाच ठरवतो. सीटखाली अडकलेली बारीक चिप हे त्याचं नेहमीचं कारण.

१७. आरए बरोबर असूनही ऑइल सीलमधून तेल गळतं. ग्राहक जॉब परत पाठवतो.

हा फटका मी स्वतः खाल्ला आहे. पंपाचे शाफ्ट होते, सीलच्या जागी आरए ०.२ ते ०.८ मागितलेला, आमचा ०.६ आला होता. आठवड्याभरात सगळे परत आले. रिपोर्ट पास, तेल मात्र ठिबकत होतं.

टर्निंगच्या खाचा म्हणजे शेवटी एक अतिबारीक आटा असतो. शाफ्ट फिरला की तो आटा तेल एका बाजूला पंप करतो. आरए फक्त उंची सांगतो, दिशा सांगत नाही. तपासायला एक सोपी युक्ती आहे: शाफ्टला तेलाचा हात लावून वर दोरा टाका, खाली छोटं वजन बांधा आणि शाफ्ट हळू फिरवा. दोरा एका बाजूला सरकत गेला, आणि उलट फिरवल्यावर परत आला, तर आटा आहे.

सीलची जागा फीड न देता सरळ आत नेऊन ग्राइंड करणं हा खात्रीचा उपाय. एमरी पेपर हातात धरून मागे-पुढे सरकवला तर तुम्ही नवा आटा कोरता.

१८. ग्राइंडिंग टाळून हार्ड टर्निंग करता येईल का?

हार्ड टर्निंग म्हणजे आधीच कडक केलेलं स्टील लेथवर कापणं. ईएन ३१ या बेअरिंगच्या स्टीलचा, ६० एचआरसी इतक्या कडकपणाचा जॉब सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्टने टर्न करून आरए ०.४ पर्यंत नेता येतो. धार चॅम्फर आणि होन दोन्ही केलेली हवी. कडक मशीन, ताठ जॉब या अटी आहेतच.

सावधगिरी एका गोष्टीची. इन्सर्टचा फ्लँक झिजला की घासण्याची उष्णता इतकी वाढते की वरचा काही मायक्रॉनचा थर पुन्हा कडक होऊन ठिसूळ बनतो. नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावून एच केल्यावर तो पांढरा दिसतो, म्हणून व्हाइट लेयर. आरए तेव्हाही सुंदर येत असतो. बेअरिंगच्या जागेवर हा थर पुढे चिरतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून हार्ड टर्निंगमध्ये इन्सर्ट फिनिश बिघडण्याआधीच, ठरावीक नगांनंतर बदलायचा. सीलच्या जागेबद्दल प्रश्न १७ इथेही लागू.

१९. ड्रिल आणि रीमरबद्दल?

ड्रिलच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आणि सारख्या कोनाच्या हव्यात, नाहीतर भोक मोठं आणि आतून वळ्यावळ्यांचं पडतं. रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं टूल, त्यात कापतो फक्त पुढचा चॅम्फर, बाकी अंग वाट दाखवतं. १० मिलिमीटरला ०.२ च्या आसपास धातू शिल्लक ठेवा, आणि बाहेर काढताना उलटा फिरवू नका. उलट फिरवलं की चिप धार आणि भिंतीमध्ये दाबली जाते, धारही जाते आणि भोकात ओरखडाही पडतो.

२०. सर, तुम्ही टूलचा फोटो मागता, पण मोबाइलमध्ये धार दिसतच नाही. कसा काढू?

दहापट मोठं दाखवणारं घड्याळजींचं भिंग घ्या आणि मोबाइलच्या लेन्ससमोर टेकवा. इन्सर्ट आधी पेट्रोलने नाही, साध्या स्पिरिटने पुसा, पण चिकटलेला धातू खरवडू नका, तोच तर बघायचा आहे. वरून फ्लॅश मारू नका. टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा, म्हणजे खाचांच्या सावल्या पडतात. दोन फोटो हवेत: एक वरून, रेकच्या तोंडाचा, आणि एक समोरून, फ्लँकचा. सोबत मटेरियल, व्यास, आरपीएम, फीड, कट आणि इन्सर्टचा पूर्ण नंबर लिहा. शाफ्टचा फोटो त्यानंतर पाठवला तरी चालेल.